चिठ्ठीवर विडाल लिहिलं होतं

साक्रीतल्या एका छोट्या लॅबमध्ये मी १७ वर्षं रक्त काढतेय. पावसाळ्यात तापाच्या पेशंटची रांग बाहेरच्या बाकापर्यंत जाते आणि बहुतेकांच्या हातातल्या चिठ्ठीवर तेच तीन शब्द असतात: सीबीसी, एमपी, विडाल. म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मलेरियाची तपासणी आणि टायफॉइडची तपासणी. मागच्या भाद्रपदात, गणपती बसून चार दिवस झाले होते, माझे मामा तशीच चिठ्ठी घेऊन आले. "बाई, ताप येस आन जास," एवढंच म्हणाले आणि बाही वर करून बसले.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वय ६१. पांझरेच्या काठच्या एका गावात दोन एकर कांदा, एक गाय आणि ११ शेळ्या. मी आठवी ते दहावी त्यांच्याकडे राहून शिकले. सकाळी शाळेला निघायच्या आधी मामा शेळीच्या कासेखाली पेला धरायचे आणि फेसासकट माझ्या हातात द्यायचे. धारोष्ण दूध. "दूध उकाळं की त्यानी ताकद मरी जास," हे त्यांचं म्हणणं. तीन वर्षं मी ते दूध प्यायले आणि त्या पेल्याची ऊब अजून तळहाताला आठवते. म्हणून पुढचं लिहिताना मला मामांना अडाणी म्हणायचं नाही. त्यांनी मला जे दिलं ते त्यांच्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं.

त्या दिवशी मी विडाल लावली. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. काचेच्या पट्टीवर गोल खाने असतात. प्रत्येक खान्यात रक्ताच्या पाण्याचं, म्हणजे सीरमचं, कमी कमी होत जाणारं माप टाकायचं, त्यावर किटमधल्या बाटलीचा एकेक थेंब, मग काडीने ढवळून पट्टी एक मिनिट हलवायची. दाणे दाणे दिसले की पॉझिटिव्ह. मामांचं ओ १:८० आणि एच १:१६० आलं, म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या दोन भागांविरुद्धच्या खुणा रक्त तेवढे पट पातळ करूनही दिसल्या. मी तसं लिहून दिलं. डॉक्टरांनी टायफॉइडच्या गोळ्या दिल्या. आठ दिवसांत ताप गेला.

दसऱ्याला परत आला. परत चिठ्ठी, परत विडाल, परत तेच आकडे. या वेळी सात दिवस ॲडमिट, इंजेक्शनं आणि सलाइन. ताप गेला. दिवाळीच्या फराळाला मामा घरी होते, पण ताट तसंच राहिलं. चिवड्याचे चार दाणे तोंडात टाकले आणि पडून राहिले. मामी म्हणाल्या, रात्री बनियन पिळावं इतका घाम येतो. मी तिसऱ्यांदा रक्त नेलं आणि तिसऱ्यांदा विडालच लावली.

इथे मला थांबून माझी चूक नीट सांगायची आहे. आमच्या भागात निरोगी माणसाचीही विडाल अशी येऊ शकते, हे मला माहीत होतं. ज्याला कधीकाळी टायफॉइड होऊन गेला, ज्याने लस घेतली, त्याच्या रक्तात त्या खुणा राहतात. एकाच वेळच्या विडालवरून टायफॉइड ठरवू नये, आठ-दहा दिवसांनी परत करून आकडा चौपट चढला का ते पाहावं, हे आम्हाला डीएमएलटीला, म्हणजे लॅबच्या डिप्लोमाला, शिकवलं होतं. माझ्या हातात तीन महिन्यांचे तीन रिपोर्ट होते आणि आकडा जागचा हललेला नव्हता. खरोखरचा टायफॉइड असता तर तो असा एका जागी बसून राहिला नसता. तिन्ही कागदांवर खाली माझीच सही आहे. पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा थोड्या कमी, शरीरात कुठेतरी सूज असल्याची खूण देणारा ईएसआर ४८, हिमोग्लोबिन ११च्या खाली उतरलेलं. हे सगळं मीच टाइप केलं आणि एकदाही डॉक्टरांना फोन केला नाही. चिठ्ठीवर जे लिहिलंय ते करायचं, एवढीच आमच्या कामाची सवय आहे.

कार्तिकात कंबर धरली. मामा काठी घेऊन चालायला लागले, वजन आठ किलो उतरलं. धुळ्याला नेलं, एसटीने ५०-५५ किलोमीटर, दर खड्ड्याला ते माझा हात दाबत होते. एमआरआयमध्ये कमरेच्या खालच्या दोन मणक्यांना सूज दिसली. ताप, घाम, वजन घटलेलं, मणक्याला सूज: आपल्याकडे हे ऐकल्यावर कुठल्याही डॉक्टरांच्या तोंडी टीबी हाच शब्द आधी येणार, आणि तो येणं चूकही नाही. खोकला नव्हता, थुंकी तपासण्यात अर्थ नव्हता. मणक्यातून सुईने तुकडा काढून तपासायला नाशिकला जावं लागलं असतं, आणि तेवढ्यात कांद्याचे पैसे हातात आलेले नव्हते. टीबीचा कोर्स सुरू झाला. पहिल्या महिन्यात मामांना जरा बरं वाटलं. आम्ही सगळे सुटलो असं वाटलं. मामींनी त्या आठवड्यात खापरावरचे मांडे केले.

बरं का वाटलं, ते आता कळतं. टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन असतं, आणि मामांना जो आजार होता त्यालाही ते लागू पडतं. एकटं पुरेसं नसतं, पण थोडं दाबून ठेवतं. शिवाय या आजाराचा ताप लाटेसारखा असतो. काही दिवस चढतो, मग आपोआप उतरतो, परत चढतो. उतरायच्या वेळी जी गोळी पोटात असेल तिला श्रेय मिळतं. गणपतीत टायफॉइडच्या गोळीला मिळालं, दसऱ्यात सलाइनला मिळालं, मार्गशीर्षात टीबीच्या कोर्सला.

माघात एक दिवस मामा लॅबच्या बाकावर बसले होते, लिव्हरची तपासणी करायची होती म्हणून. शेजारी आमच्या भागातले पशुधन पर्यवेक्षक साहेब शुगर तपासायला आलेले. गावात त्यांना सगळे ढोरांचे डॉक्टर म्हणतात. मामांनी त्यांना ओळखलं आणि तब्येतीचं सोडून शेळ्यांचं सांगायला लागले: आषाढात दोघींनी गाभ टाकला, दिवाळीनंतर अजून एकीने. चार महिन्यांची गाभण होती. एकीची वार पडली नाही म्हणून त्यांनीच हात घालून काढली.

साहेबांनी कापसाचा बोळा बोटावर धरलेला तसाच ठेवला आणि विचारलं, "दूध उकळून पिता का कच्चं?"

"आपली घरनी बकरी शे, तिन्हा दूधले काय व्हस?" मामा म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "ताई, यांची ब्रुसेला पाहिली का?"

शेळ्या-गुरांकडून माणसाला लागणाऱ्या या आजाराचं नाव मी १७ वर्षांपूर्वी परीक्षेसाठी पाठ केलं होतं. मराठीत त्याला लोकांच्या तोंडातलं नावच नाही, आणि नाव नसलेला आजार कुणी विचारत नाही. पाच महिने, चार डॉक्टर, आणि मी धरून दोन लॅबच्या टेबलांवर हे रक्त फिरलं. शेळ्यांचा प्रश्न विचारला तो ढोरांच्या डॉक्टरांनी, शुगर तपासायला आलेले असताना.

आमच्याकडे त्याचं किट नव्हतं. सीरम बर्फाच्या डब्यात घालून नाशिकच्या लॅबला पाठवलं. तिसऱ्या दिवशी फोन आला: ब्रुसेलाची रोझ बेंगाल चाचणी पॉझिटिव्ह, नळीतली चाचणी १:६४०. आपल्याकडे १:१६० किंवा त्याच्या वर गेलं आणि लक्षणं जुळत असली की आजार धरतात. मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन सेंट्रिफ्यूज बंद होईपर्यंत उभी राहिले.

त्यानंतर मी रात्री जागून वाचलं, सरांनाही विचारलं. माल्टा नावाचं बेट आहे, तिथे इंग्रजांचे सैनिक वर्षानुवर्षं असल्या तापाने आजारी पडायचे. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी १८८७ मध्ये मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जंतू वेगळा काढला, म्हणून त्याला ब्रुसेला म्हणतात. पण तो येतो कुठून हे पुढची १८ वर्षं कळलं नाही. १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि दिसायला ठणठणीत असलेल्या शेळ्या पॉझिटिव्ह निघाल्या. माल्टात शेळ्या दारोदार नेऊन दारातच दूध काढून द्यायची पद्धत होती. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप ओसरला. त्याच सुमाराला माल्टाच्या शेळ्या घेऊन एक जहाज अमेरिकेला निघालं, जोशुआ निकल्सन त्याचं नाव. वाटेत खलाशी तेच दूध प्यायले आणि आजारी पडले. शेळ्या मात्र मजेत होत्या.

ठणठणीत शेळी, हीच तर यातली मेख आहे. हा जंतू गाभण जनावराच्या वारेत वाढतो. एकदा गाभ टाकला की पुढच्या वेळी ती शेळी नीट वितेही, करडू चांगलं होतं, आणि दुधातून जंतू येत राहतो. मालकाला वाटतं, झालं ते झालं. पडलेलं पिल्लू उकिरड्यावर जातं, तिथून कुत्री ओढून नेतात.

अजून एक गोष्ट वाचली आणि ती माझ्या मनातून जात नाही. विडालची चाचणी १८९६ची. माल्टा तापाची तशीच दाणे पाहायची चाचणी आल्मरॉथ राइट यांनी दुसऱ्याच वर्षी, १८९७ मध्ये काढली. दोन्ही चाचण्या सारख्याच वयाच्या, जवळपास सारख्याच पद्धतीच्या. आजची रोझ बेंगाल तर अजून सोपी: गुलाबी थेंब, सीरमचा तेवढाच थेंब, पांढऱ्या कार्डावर चार मिनिटं हलवायचं. मशीन लागत नाही, लाइट गेली तरी खिडकीपाशी बसून करता येते. आम्ही साधनं नाहीत, साधनं नाहीत म्हणतो आणि ते खरंही आहे. रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून पाहणं, साक्रीत होत नाही, आणि हा जंतू बाटलीत वाढायला कधी कधी दोन-तीन आठवडे घेतो. पण ही चाचणी नसण्याचं कारण पैसा नव्हता. १७ वर्षांत ती एकाही चिठ्ठीवर लिहून आली नाही, म्हणून आम्ही कधी मागवली नाही. आम्ही मागवली नाही म्हणून कुठे कुणाची पॉझिटिव्ह निघाली नाही. आणि निघत नाही म्हणून डॉक्टरांना वाटतं, हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे.

तो खरंच किती दुर्मीळ आहे हे सांगण्याइतकी मी मोठी नाही. पण साक्री तालुक्यात ठेलारी मेंढपाळांचे वाडे आहेत, प्रत्येक गावात शेळ्या आहेत, बाया आणि पोरं उघड्या हातांनी वीण करतात. त्यांच्यातल्या किती जणांची कंबर आणि किती जणांचे गुडघे वयाने दुखतात असं आपण ठरवून टाकलंय, हा प्रश्न आता मला रोज पडतो.

कारण मामींचंही तेच निघालं. त्यांना ताप नव्हताच. वर्षभर गुडघे आणि टाचा धरल्या होत्या, रात्री तेल चोळून झोपायच्या. मी केवळ खात्री करायची म्हणून त्यांचं रक्त पाठवलं. १:३२०.

औषध ठरवलं धुळ्याच्या एका फिजिशियन बाईंनी. त्यांनी एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून आम्हाला समजावलं. टीबी बहुधा पाठीचा मणका पकडतो आणि हाड खाऊन टाकतो. इथे कमरेचा खालचा मणका आहे आणि हाड अजून उभं आहे. असं असेल तरी नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही, म्हणून रक्ताचा रिपोर्ट महत्त्वाचा, असं त्या म्हणाल्या. टीबीच्या केंद्रावर बोलून त्यांनी तो कोर्स बदलला. मामांना डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन तीन महिने, आणि सुरुवातीचे तीन आठवडे रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. मामींना दोन गोळ्या सहा आठवडे. एरवी मणक्याला धक्का नसेल तर सहा आठवडे चालतात, पण त्यातला एक दिवसही कमी चालत नाही. जंतू पेशींच्या आत लपून बसतो आणि अर्धवट औषधाने परत डोकं काढतो. मामांनी दहाव्या दिवशीच बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायचा विचार बोलून दाखवला होता. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि रोजच्या गोळीला मामी चुन्याने टिंब करायला लागल्या.

शेळ्यांचं प्रकरण जास्त अवघड होतं. साहेबांनी सगळ्यांचं रक्त काढलं, नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेला गेले. चार पॉझिटिव्ह आल्या. मामी म्हणाल्या, "मंग आते इकी टाकू का?" आठवडे बाजारात नेल्या तर कुणीही घेईल, गाभण शेळीला चांगला भाव येतो. पण मग हा ताप दुसऱ्याच्या घरी जाणार. विकायच्या नाहीत तर खायला घालायचं कुणी? नुकसानभरपाई म्हणून हातावर कुणी काही ठेवत नाही. वासरांसाठी लस आहे. २०१९ पासून देशभर मोहीम आहे, चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच द्यायची. शेळ्यांसाठी ती लस त्या मोहिमेत नाही. ज्यांच्या घरी गाय-म्हैस घ्यायची ऐपत नाही त्यांच्याच घरी शेळी असते, आणि त्यांच्याच जनावराला लस नाही, हे मला पटत नाही. कितीही वेळा समजावून घेतलं तरी पटत नाही.

त्या चौघी वेगळ्या बांधल्या, त्यांचं दूध करडांनाही बंद केलं. पण रिपोर्ट यायच्या आधीच, पौषात, दवाखान्याच्या पैशांसाठी मामांच्या मुलाने एक शेळी विकली होती. दिवाळीनंतर गाभ टाकलेली तीच. ती कुणी घेतली ते आम्हाला सापडलं नाही. साहेबांनी दोन बाजार पालथे घातले.

आता मी रक्त काढायच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक जुन्या तापाला तीन गोष्टी विचारते. घरी शेळ्या-मेंढ्या-गुरं आहेत का, कुणी गाभ टाकला का, दूध कच्चं जातं का. मिनिटभर लागतं. उत्तर हो आलं तर डॉक्टरांना फोन करते. सुरुवातीला आवाज कापायचा, आता नाही कापत. दोन डॉक्टरांनी तुमचं काम करा म्हणून सांगितलं. बाकीच्यांनी विचारलं, किट आणलं का? आणलं आहे. फ्रिजच्या दारात विडालच्या डब्याशेजारी असतं. कल्चरला बाटली पाठवायची असेल तर वर मोठ्या अक्षरात ब्रुसेलाची शंका आहे असं लिहिते. ती बाटली उघडणारी मुलगीही माझ्यासारखीच कुणीतरी असणार, आणि हा जंतू लॅबमधल्या माणसांना हवेतून सहज लागतो.

दुधाबद्दल कुणी विचारलं तर एकच सांगते: एक चांगली उकळी. त्यात हा जंतू मरतो आणि दूध दूधच राहतं. डेअरीत तर ७२ अंशांवर १५ सेकंदच तापवतात. कच्च्या दुधाचं लोणी-दही केलं तरी तो त्यात टिकू शकतो, म्हणून आधी उकळा, मग विरजा.

एक गोष्ट राहिली, आणि तिच्यामुळेच हे लिहायला बसले. मागच्या श्रावणात मामांच्या गल्लीत डेंग्यूची साथ होती. शेळीच्या कच्च्या दुधाने प्लेटलेट वाढतात अशी समजूत आपल्याकडे पसरली आहे. साथ आली की दुधाचा भाव वाढतो. त्याचा काही उपयोग होतो असं माझ्या वाचनात कुठे आलं नाही. पण मामांनी भाव वाढवला नाही. रोज सकाळी ९ घरांना पेला पेला भरून फुकट दिलं, उकळू नका असं सांगून. कोणाकोणाला दिलं ते त्यांना तोंडपाठ होतं. नावं सांगताना ते रडले. मी त्यांना या आधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्यातली सात घरं येऊन रक्त देऊन गेली. एक पोरगा पॉझिटिव्ह निघाला, १४ वर्षांचा. त्याचा ताप घरच्यांनी उष्णतेचा म्हणून सोडून दिला होता. आठव्या घरातली म्हातारी येत नाही म्हणाली, तर मी सुई घेऊन तिच्या ओट्यावर गेले. ती निगेटिव्ह आहे.

नववं घर दिवाळीनंतर सुरतेला कामाला गेलं. त्यांचा नंबर मामींनी काल मिळवला. फोन बाईंनी उचलला. मालकांना संध्याकाळी कणकण येते, पण लूमवर रात्रपाळी आहे, दवाखान्यात गेलं की टायफॉइडच्या गोळ्या देतात, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, वहिनी, एक नाव लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी मुलीला बोलावलं. ती तिथल्या शाळेत तिसरीला आहे. मी एकेक अक्षर सावकाश सांगितलं, तिने ते गुजरातीत लिहिलं आणि मला परत वाचून दाखवलं: ब्रु, से, ला.